बेवारस थंडी

निनावे पॅकेजिंगच्या कचेरीत श्वासपट लागून तीन आठवडे झाले आणि एकतीस माणसांपैकी अकरा जण जेवायला गच्चीवर जाऊ लागले. महिना मार्चचा, गाव नागपूर. दुपारी एक वाजता त्या गच्चीवर डब्यातली पोळी पुन्हा एकदा भाजून निघायची. तरी माणसं आनंदाने जात. गच्चीला भिंती नाहीत आणि भिंत नाही तिथे श्वास मोजला जात नाही, हे त्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं होतं.

यामिनी ढोबळेला याचं नवल वाटलं नाही. कचेऱ्यांचा पर्यावरणावर पडणारा भार मोजून द्यायचा आणि तो कमी कसा करायचा ते सांगायचं, हा तिचा आठ वर्षांचा धंदा. माणसाला काट्यावर उभं केलं की तो आधी चपला काढतो, मग खिशातल्या किल्ल्या बाहेर ठेवतो. पोटाचा विचार सगळ्यात शेवटी करतो, हे ती प्रत्येक कचेरीत पाहत आली होती. इथेही पहिल्या आठवड्यात लोकांनी आपली पानं दुसऱ्याच्या नावावर छापून घेतली. दुसऱ्या आठवड्यात मीटिंगमध्ये जांभया कमी झाल्या. तिसऱ्यात गच्ची.

श्वासपट म्हणजे भिंतीवर रंगासारखा फिरवायचा एक पातळ थर. दिसायला साधा फिका पिवळा, पण त्याच्या चिमूटभर जागेत हजारो बारीक संवेदक. आपण सोडलेल्या श्वासात नुसता कार्बन डायऑक्साइड नसतो. रक्तातून, फुप्फुसातून, पोटातून आलेल्या शेकडो वाफा त्यात मिसळलेल्या असतात, आणि ते मिश्रण हस्ताक्षरासारखं ज्याचं त्याचं असतं. भिंत ते ओळखते. दुसऱ्या बाजूला विजेच्या मुख्य तारेवर एक मीटर कान लावून बसलेलं असतं. प्रत्येक यंत्राची वीज पिण्याची तऱ्हा वेगळी. एसी सुरू होताना एक मोठा घोट घेतो, प्रिंटर उचक्या देत पितो, दिवे सावकाश चघळतात. एका तारेवरून मीटर सांगतं, की कुठलं यंत्र कधी चाललं. मग हे दोन रकाने शेजारी मांडायचे: कुठल्या खोलीत वीज किती गेली, आणि तेव्हा तिथे श्वास कोण घेत होतं. त्या विजेचा कार्बन ग्रॅममध्ये मोजून त्या श्वासांच्या नावांवर चढायचा. जिथे वीज गेली पण श्वास कुणाचाच नव्हता, त्याला कायद्यात शब्द होता ‘बेवारस भार’.

कायदा दोनच वर्षांपूर्वीचा, २०४१ सालचा. बेवारस भार शंभरात दहाच्या आत हवा. जास्त भरला तर अहवालात जबाबदार माणसाचं नाव लिहायचं, आणि त्या माणसाने पुढे वर्षभर कचेरीतल्या कुठल्याही यंत्राच्या बटणाला हात लावायचा नाही. ज्याचं कामच बटणांचं, तो अर्थातच घरी जायचा आणि त्याच्या जागी एक स्वयंचलित पेटी यायची.

निनावे पॅकेजिंगमध्ये बटणांचं काम एकाच माणसाचं होतं. श्रावण खडतकर. वय एकसष्ट, निवृत्तीनंतर मालकीणबाईंनी दोन वर्षांची मुदत वाढवून दिलेली. किल्ल्या, पाणी, वीज, एसी, सगळं त्यांच्याकडे. आणि हे श्रावण खडतकर यामिनीचे सख्खे मामा होते. हे काम तिला मिळालं तेच मुळी त्यांच्यामुळे. मालकीणबाईंसमोर छाती काढून ते म्हणाले होते, “मोजायचंच आहे ना ताई, मग माझ्या भाचीले बोलवा. गव्हाचा दाणा मोजते ते पोरगी.”

आता दाणे मोजून झाले होते, आणि बेवारस भार भरला होता शंभरात चौतीस.

चौतीसपैकी अठ्ठावीस एकट्या मालकिणीच्या केबिनचे. रोज सकाळी सहा चाळीसला केबिनचा एसी सतरा अंशांवर सुरू व्हायचा. मालकीण मृदुला निनावे यायच्या अकराला. त्या दौऱ्यावर असल्या तरी केबिन गारच. कायद्यात नावं झाकलेली असतात, भिंत नुसते क्रमांक देते. पण सहा चाळीसला बटणाजवळ श्वास घेणारा चार नंबर कोण, हे जाणून घ्यायला यामिनीला कुठलं सीलबंद पाकीट फोडायची गरज नव्हती. त्या वेळी इमारतीत दुसरं होतंच कोण?

ती बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसली. मामी मागे फोनवर म्हणाली होती, “रविवारी घरी असले का तुझे मामा पंख्यांची बटनं तपासत फिरते. ह्या माणसाले रोज रविवार झाला तर माझं कसं होईन, सांग.”

मग यामिनीने आठ वर्षांत कधी केलं नव्हतं ते केलं. केबिनची बेवारस थंडी तिने एकतीस जणांच्या नावांवर थोडी थोडी वाटून टाकली. दाराच्या फटीतून गार हवा हॉलमध्ये येतेच, असं त्याला कारणही जोडलं. कच्चा अहवाल सगळ्यांना पाहता यावा म्हणून हॉलमध्ये लावला. एकूण बेवारस भार: सहा. सुंदर दिसत होता.

तो तीन तास टिकला.

“ढोबळे मॅडम, जरा इकडे या,” दमयंती वासनिक यांनी चष्म्यावरून पाहत म्हटलं. वासनिक मॅडम हेडक्लार्क. कायद्याने झाकलेले एकतीस क्रमांक त्यांनी तिसऱ्या दिवशीच उघडे पाडले होते. (“सत्तावीस म्हणजे मांडवकर. गुरुवारी तो रजेवर होता, अन् सत्तावीसचा रकाना कोरडा.”) “हे माझ्या नावावर दिवसाला एकशेचाळीस ग्रॅम थंडी कुठून आली?”

“दाराच्या फटीतून हवा येते ना मॅडम, तिचा वाटा...”

“फट पूर्वेला, मी पश्चिमेला. मधात दोन कपाटं अन् मांडवकर. मांडवकरले ओलांडून माझ्यापर्यंत वारा आजवर आला नाही.” त्यांनी आवाज खाली आणला. “कोणाले वाचवून राहिल्या तुम्ही?”

यामिनीने अहवालाचं पान उगाच उलटलं.

“चार नंबरले,” वासनिक मॅडमनीच उत्तर दिलं. “वाचवा ना! मलेही तेच पायजे. श्रावणभाऊ गेले तर माझ्या टेबलाखालचं पायदान कोण वेळेवर नीट करून देणार, ती पेटी? पण मापात खोट करून नका वाचवू. मी पकडलं ते सरकारी माणूस पकडणारच. मग भाचीही गेली अन् मामाही.”

यामिनीने कान पकडायचे तेवढे बाकी ठेवले, वाटलेली थंडी पुन्हा केबिनच्या खात्यावर टाकली, आणि सरळ मामांकडे गेली.

मामा केबिनच्या दाराशी आपल्या खुर्चीत बसले होते. बाहेर अडतीस अंश होते आणि मामांच्या गळ्यात मफलर होता.

“मामा, केबिन इतक्या सकाळी का लावता?”

“काऊन म्हंजे?” मामांना प्रश्नच कळला नाही. “साहेब लोक आल्यावर का लावन? आत पाऊल टाकलं का गारवा लागला पायजे. मोठे मालक भाऊसाहेब होते तेव्हापासून आहे हे. पंचवीस वर्षं झाली, एक दिवस खाडा नाही.”

“मृदुलाताई दौऱ्यावर असतात तेव्हाही?”

“दौरा अर्ध्यातून आटपून आल्या तं? केबिन गरम सापडली तं इज्जत कोणाची जाईन?”

“त्यांनी सांगितलंय का सतरा लावायला?”

मामा हसले. भाचीच्या शिक्षणाची कीव आल्यासारखे. “मोठी मानसं असं सांगत नसते, यामू. आपन समजून घ्याचं असते.”

“आणि हा मफलर?”

“दाराच्या फटीतून झोत येते ना. मानेवर बसते.”

यामिनीने डोळे मिटून एकदा श्वास सोडला. तो भिंतीने नोंदवला. आणि त्यावरूनच तिला काहीतरी आठवलं. आकड्यांत एक गोष्ट तिला पहिल्यापासून टोचत होती. चार नंबरच्या काळजीत ती मागे पडली होती. ती टेबलावर गेली आणि तिने एक नंबरचं पान काढलं. केबिनमध्ये दिवसभर तो एकच श्वास होता, म्हणजे मृदुला निनावे. माणूस खुर्चीत नुसता बसला तर तासाला अठरा-वीस लिटर कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक नंबर सोडत होता तीसच्या वर. घरात झाडलोट करणाऱ्या माणसाइतका. रोज, अकरा ते सहा, खुर्चीत बसून.

तिला आधी वाटलं होतं, बाई केबिनमध्ये व्यायाम करत असतील. मोठ्या माणसांचे नाद वेगळे. पण आता तिने आलेख ताणून मोठा केला. व्यायामाचा आलेख डोंगरासारखा चढतो आणि उतरतो. हा तसा नव्हता. हा बारीक बारीक दातेरी होता, करवतीसारखा, दिवसभर एकसारखा. अंगातली ऊब टिकवायला स्नायू आपोआप थरथरतात, जास्त इंधन जाळतात, जास्त वायू सोडतात. बाई व्यायाम करत नव्हत्या.

बाई कुडकुडत होत्या.

यामिनीने केबिनचं दार वाजवलं आणि उत्तराची वाट न पाहता उघडलं. मृदुला निनावे यांनी घाईघाईने काहीतरी टेबलाखाली ढकललं, पण त्याचं एक टोक वर राहिलं. लोकरीची शाल होती.

“मॅडम, तुम्हाला थंडी वाजते.”

“छे छे, तसं काही...” मृदुलाताईंनी म्हटलं आणि त्यांना शिंक आली.

“नऊ वर्षं तुम्ही या केबिनमध्ये बसता. एसी कमी का नाही करून घेतला?”

मृदुलाताईंनी दाराकडे पाहिलं आणि आवाज दाबून त्या बोलल्या, “कशी करून घेऊ? श्रावणकाका पहाटे उठून येतात त्यासाठी. पहिल्या दिवशी मी इथे आले तेव्हा दार उघडून म्हणाले, ‘ताई, भाऊसाहेबांची केबिन होती तशीच ठेवली आहे.’ डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. अशा माणसाला सांगू, की मला नको तुमची थंडी? बाबांना आवडायची, त्यांच्या मागे काका जपतायत. म्हटलं, एक शाल आणली की झालं.”

“भाऊसाहेबांना इतकी थंडी आवडायची?”

“आवडतच असणार ना. म्हणजे, घरी तर ते पंखासुद्धा दोनच्या पुढे...” मृदुलाताई बोलता बोलता थांबल्या. त्यांच्या कपाळावर आठी उमटली. भिंतीवर भाऊसाहेबांची तसबीर होती. अंगात बंद गळ्याचं जाड जाकीट. प्रत्येक फोटोत तेच जाकीट. गावात ते ‘जाकीटवाले निनावे’ म्हणूनच ओळखले जात. नागपुरात, मे महिन्यात, जाकीट.

“काका!” मृदुलाताईंनी हाक मारली, ती जरा मोठ्यानेच. मामा मफलर सोडत आत आले. “काका, बाबांनी तुम्हाला केबिन गार ठेवायला कधी सांगितलं होतं?”

“सांगतलं होतं ना!” मामा अभिमानाने म्हणाले. “नवीन एसी बसवला, त्याच आठवड्यात. जपानचे पाहुने येनार होते. भाऊसाहेब म्हनाले, ‘श्रावण, आज केबिन चांगली गार ठेव बरं.’”

“आज.”

“हो. आज.”

“आणि उद्या?”

पंचवीस वर्षांचे सगळे उद्या मामांच्या चेहऱ्यावरून एकामागोमाग जाताना दिसले.

“दुसऱ्या दिवशी तं... काही म्हनले नाही,” ते हळूच म्हणाले. “मीच लावला. ते आत गेले, बाहेर आले, अन् घरून जाकीट मागवलं. मले वाटलं, रुबाब आहे.”

“बाबांना वाटलं असेल, तुम्ही हौसेने लावताय, मन कशाला मोडा,” मृदुलाताई म्हणाल्या. त्यांचा आवाज विचित्र येत होता, आणि रडतात की काय म्हणून यामिनी पुढे झाली, तर त्या हसू दाबत होत्या. “काका, म्हणजे ही थंडी कुणालाच नको होती! बाबा जाकिटात, मी शालीत...”

“अन् मी मफलरात,” मामा म्हणाले, आणि मग तेही राहिले नाहीत. दोघंही इतकी हसली, की हॉलमधून वासनिक मॅडम धावत आल्या आणि त्यांना सगळं दोनदा सांगावं लागलं.

हसून झाल्यावर मामांना अहवालाच्या फॉर्मची आठवण झाली. ते सरळ उभे राहिले. “यामू, लिव माझं नाव. बटन मीच दाबलं. पंचवीस वर्षं दाबलं. नियम आहे तं आहे.”

“तुम्ही घरी जाल काका,” मृदुलाताई म्हणाल्या. “मुदत मी वाढवली तरी कायद्यापुढे माझं चालत नाही.”

“जाईन. तुमची काकू सांभाळून घेईन.” पण हे म्हणताना त्यांचा हात खिशातल्या किल्ल्यांवर गेला आणि तिथेच राहिला.

यामिनी फॉर्म वाचत होती. दोन वर्षांत तिने तो कितीतरी वेळा भरला होता; ‘जबाबदार व्यक्ती’ म्हणजे बटण दाबणारा, हे सगळेच भारमापक धरून चालत आणि तीही चालत आली होती. व्याख्येचं कलम मागच्या पानावर, मुंगीच्या अक्षरात असतं. तिने ते आज प्रथमच शब्द न शब्द वाचलं, आणि मग मोठ्याने वाचलं. “‘जबाबदार व्यक्ती म्हणजे ती, जिला हा भार थांबवण्याचा अधिकार होता, तो होत असल्याचं माहीत होतं, आणि तरी जिने थांबवला नाही.’”

तिने कलमावर बोट ठेवलं आणि मान वर केली.

“मामा, तुम्हाला थांबवायचा अधिकार होता?”

“मले? मालकाच्या केबिनीचा? नाही बाप्पा.”

यामिनीने मालकिणीकडे पाहिलं. तिचं बिल याच बाईंच्या सहीने निघणार होतं, आणि हे तिला पूर्ण ठाऊक होतं. “मॅडम, नाव तुमचं लिहावं लागेल.”

मृदुलाताई क्षणभर गंभीर झाल्या. अहवाल सरकारी फलकावर लागतो, गिऱ्हाइकं वाचतात. जाकीटवाल्या निनाव्यांच्या मुलीचं नाव तिथे लागणार होतं. मग त्यांनी टेबलाखालची शाल वर ओढून उघडपणे खांद्यांवर घेतली.

“लिहा,” त्या म्हणाल्या. “खरंच आहे ते. मला एक वाक्य बोलायचं होतं, ते मी नऊ वर्षं बोलले नाही. शिक्षा काय आहे?”

“वर्षभर तुम्ही कचेरीतल्या कुठल्याही यंत्राच्या बटणाला हात लावायचा नाही.”

“अगंबाई,” वासनिक मॅडम म्हणाल्या. “मॅडमनी नऊ वर्षांत दिव्याचं बटन तरी कधी दाबलंय का? श्रावणभाऊ दाबू देतील तेव्हा ना!”

नाव लिहिलं गेलं. केबिनचा एसी बंद झाला आणि इमारतीच्या पोटातला एक जुना गुरगुराट थांबला. तो चालू होता, हे बंद झाल्यावरच सगळ्यांना कळलं. पुढच्या आठवड्याच्या मोजणीत बेवारस भार सहावर आला. गच्चीवर जेवणारे अकरा जण खाली आले, कारण केबिनने खाल्लेली वीज पाहिल्यावर आपल्या श्वासाचे ग्रॅम लपवण्यात काही अर्थ नाही, हे हिशेबी माणसांना लगेच पटतं.

एक एप्रिलला यामिनी शेवटची नोंद घ्यायला सकाळीच आली, तर मामा केबिनच्या दाराशी हात मागे बांधून उभे.

“आता मी काय करू, यामू?”

“विचारा.”

“कोनाले?”

“ज्यांच्यासाठी करता त्यांना.”

मामांना ही कल्पना जरा उद्धटपणाची वाटली, पण दहा वाजता ते कागद-पेन घेऊन एकतीस टेबलं फिरले. साडेअकराला परत आले ते पडलेल्या चेहऱ्याने. “पाय हे,” म्हणत त्यांनी कागद पुढे केला. कागदावर नावांपुढे ओळीने लिहिलं होतं: चालेल. तुम्ही म्हणाल तेवढं. मला काही नाही. बाकीच्यांना विचारा. मॅडमना काय हवं? आणि स्वतः मॅडमच्या नावापुढे: काका, तुम्हाला योग्य वाटेल ते. आकडा एकच होता. वासनिक मॅडमचा. साडेचोवीस, आणि खाली रेघ मारून, ‘वारा अंगावर नको’.

“यायले सगळ्यायलेच रोग आहे,” मामा म्हणाले. मग ते गेले, हॉलचा एसी त्यांनी स्वतःच्या मताने सव्वीसवर ठेवला, आणि केबिनचा बंदच ठेवला. कुणी मागितला नव्हता.

दुपारी दोनला केबिनचं दार उघडलं. मृदुलाताई बाहेर आल्या. शाल नव्हती. कपाळाला घाम होता. बटणांचा फलक त्यांच्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि हात मागे घेतला.

“काका...”

“बोला ताई.”

“नाही, तसं काही नाही.” त्या दोन पावलं परत गेल्या, आणि पुन्हा वळल्या. “गरम होतंय.”

हॉलमधली बोटं कीबोर्डवर थांबली. वासनिक मॅडमनी चष्मा काढला.

“किती लावू?” मामांनी विचारलं.

“तुम्हाला जेवढं...”

“अं हं.” मामांनी मान हलवली. पंचवीस वर्षांच्या नोकरीत मालकाला त्यांनी प्रथमच अडवलं होतं. “आकडा.”

मृदुलाताईंनी तोंडी परीक्षेला बसल्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. कुणी मदतीला आलं नाही.

“सत्तावीस,” त्या म्हणाल्या.

“सत्तावीस!” मामांनी ते लिलावात पुकारा करावा तसं हॉलभर ऐकवलं, ताठ चालत फलकापाशी गेले आणि बटण दाबलं. तेवढ्यात कपाटामागून मांडवकरचा आवाज आला, “श्रावणभाऊ, मग मला पंचवीस!” त्यापाठोपाठ खिडकीजवळून कुणी, “माझा पंखा बंद करा, दोन वर्षं झाली डोकं दुखतंय!” कुणाला दिवा नको होता, कुणाला जागा बदलून हवी होती, कुणाच्या अंगावर कधीपासून पाणी ठिबकत होतं. पंचवीस वर्षांचं तुंबलेलं सगळं एकदम वाट फुटून बाहेर आलं. जो तो हसत होता, ओरडत होता, खुर्चीतून उठत होता. यामिनीच्या टेबलावरच्या पडद्यावर हॉलचा आलेख सरळ वर चढला. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि पडदा पालथा घातला.

मधोमध मामा, एका हातात कागद, दुसऱ्यात पेन, मफलरशिवाय, आणि चेहरा असा उजळलेला, की साखरपुड्यातही तो इतका उजळला नव्हता, असं मामीने नंतर फोटो पाहून सांगितलं.

“एकेक जन बोला, बाप्पा, एकेक जन!” ते ओरडत होते. “मी काय कुठं चाललो हाय?”